आईचं खोडलेलं पान

रविवारी अकराला सगळ्यांनी जमायचं, हे वहिनीने परस्पर ठरवलं आणि परस्परच सगळ्यांना कळवलं. एरवी या घरात साधा पडदा बदलायचा म्हटलं तरी चार दिवस खल चालायचा. पण गुरुवारी जे घडलं, त्यानंतर कुणी कुणाला विचारण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. लिफ्ट चालू असूनही ताई चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढून आली. तेवढीच चार मिनिटं लांबणीवर. दारापाशी सगळ्यांच्या चपला होत्या; तिने आपल्या त्यांच्या रांगेत नीट लावल्या.

घरातली एकुलती एक बहीण म्हणून थोरला दादासुद्धा तिला ताईच म्हणायचा. धाकटा मात्र 'मोजपट्टी' म्हणायचा. ती विद्यापीठात संशोधन करत होती तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं कोपर जमिनीपासून किती उंच आहे ते मोजत फिरायची, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे तिने सोळा वर्षं तिथेच शिकवलं आणि गेली सात वर्षं ती सरकारच्या सुरक्षा विभागात होती. कुठे अपघात झाला की बाकीचे इंजिनिअर यंत्र तपासायचे. ही तपासायची यंत्र आणि माणूस यांच्यामधली वीतभर जागा. बटण कुठे आहे, दिवा दिसतो का, हात पोचतो का, थकलेल्या माणसाला ते पटकन कळतं का. त्या विद्येचं लांबलचक नाव घरात कुणाच्या तोंडात बसलं नाही. चाळीस वर्षं शिलाईमशीन चालवलेल्या आईला मात्र ती पहिल्या दिवशीच कळली होती. "म्हणजे माझाच धंदा की गं! कापड माणसाला बेतायचं, माणूस कापडाला नाही."

"या," वहिनी म्हणाली. एवढंच. नेहमीचं 'किती वाळलात हो ताई' वगैरे काही नाही.

टेबलाभोवती सगळे बसले होते. आई खिडकीकडच्या खुर्चीत, दादा वर्तमानपत्राची घडी हातात धरून, ती न वाचता. धाकटा दवाखान्यातून तडक आला होता. दातांचा डॉक्टर, रविवारीसुद्धा कुणाची ना कुणाची दाढ ठणकतच असते. आणि कोपऱ्यात छोटू. सहा फुटांचा, सव्वीस वर्षांचा, पाणीपुरवठा केंद्रातला ऑपरेटर, पण घरात छोटूच. तीन दिवसांची दाढी वाढलेली.

"आत्या, नळी काढणार होते आज त्याची," तो म्हणाला. "तुला काही कळलं?"

"नाही रे. तुला?"

"मला कोण सांगणार? त्याच्या घरचे माझा फोन घेत नाहीत."

नळी म्हणजे फिटरच्या श्वासाची नळी. गुरुवारी दुपारी तो केंद्रातल्या मोठ्या पाइपात झडप तपासायला उतरला होता. वर कंट्रोल रूममध्ये छोटूने पाणी सोडायचं बटण दाबलं. लोंढ्याने फिटरला जाळीवर आपटलं, कमरेचं हाड मोडलं, फुप्फुसात पाणी गेलं. दोघं रोज डबा एकत्र खायचे.

"ताई, आता सरळच बोलते," वहिनीने खुर्ची ओढली. "उद्या दहा वाजता तुमच्या ऑफिसात अहवाल जाणार. त्यात 'ऑपरेटरची चूक' असं आलं की माझ्या पोराची नोकरी गेली, आणि तो फिटर... देव न करो, पण त्याचं काही बरंवाईट झालं तर याला तुरुंगच. तुम्ही त्या निरीक्षकाला एक फोन करा."

"वहिनी, ती फाइल माझ्याकडे नाही."

"का नाही? असले अपघात तुमच्याकडेच येतात ना?"

"आली होती. शुक्रवारी सकाळी. ऑपरेटरचं नाव वाचलं आणि तासाभरात साहेबांना जाऊन सांगितलं, हा माझा सख्खा भाचा आहे, हे काम मला नको. नियमच आहे तो."

"नियम!" वहिनीने टेबलावर हात आपटला. "जन्मभर लोकांना शिकवलंत, 'माणूस चुकला हे उत्तर नव्हे, प्रश्न तिथून सुरू होतो.' परक्यांच्या पोरांसाठी हे सगळं, आणि घरच्यावर वेळ आली की नियम?"

"कुणी फोन करणार नाही," दादा म्हणाला. वर्तमानपत्राची घडी त्याने आणखी एकदा घातली. "तीस वर्षं बस चालवली मी. गाडीवर एक ओरखडा नाही. का? तर नजर रस्त्यावर. याची नजर कुठे होती ते याने आधी सांगावं. यंत्रातल्या नोंदीत स्पष्ट आहे म्हणे, दिवा सहा वेळा लुकलुकला. हा म्हणतो, लागलाच नाही. यंत्र खोटं बोलतं का?"

"बाबा, नाही लागला! किती वेळा सांगू?"

"मोबाइल होता का हातात?"

"नव्हता!"

"अहो, स्वतःच्या पोराची उलटतपासणी काय करता?" वहिनीचा आवाज फाटला.

"दादा, थांब जरा," धाकटा मध्ये पडला. "अगं मोजपट्टी, वशिला लाव असं कुणी म्हणत नाही. फक्त त्या निरीक्षकाला सांग, बाबा रे, घाई करू नकोस, नीट बघ. यात काय बिघडलं? मीसुद्धा दाढ उपटायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारतो."

"तू कधी विचारलंस रे?" आई म्हणाली. "माझी चांगली दाढ उपटलीस."

धाकट्याने वहिनीची बाजू घेतली, म्हणजे आता दोन विरुद्ध एक, आणि सगळ्यांचे डोळे ताईवर. ताईने समोरच्या चहाच्या कपाकडे बघितलं. बोलायचं तर आत्ता, असं तिने जिन्यात दहा वेळा ठरवलं होतं. पण तिने फक्त कप बशीत सरळ केला.

कारण फाइल परत करण्याआधीच्या त्या तासाभरात तिने फोटो बघितला होता. कंट्रोल रूममधल्या पॅनलचा. तिला तो कुठेही ओळखू आला असता. गोल बटण, त्याच्या डावीकडे जरा खाली, दोन बोटांवर दिवा. बटण तीन सेकंद दाबून धरायचं. आत माणूस असेल तर तेवढ्या तीन सेकंदांतच दिवा लुकलुकतो. दिसला की हात काढून घ्यायचा, पाणी सुटत नाही. सतत जळणाऱ्या दिव्याकडे माणूस चार दिवसांनी बघेनासा होतो, आणि भोंगा असला तर कंटाळून बंद करून ठेवतो, हे तिने सिद्ध केलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी, तिच्या प्रबंधात. त्यावर तिला पदक मिळालं, त्यावर नोकरी मिळाली, आणि ते पॅनल पुढे एकेचाळीस केंद्रांत बसलं. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखपदासाठी तिची मुलाखत होती, आणि अर्जावर पहिल्या ओळीत तेच काम होतं.

फोटो बघून तिला काहीतरी खटकलं होतं. काय, ते कळत नव्हतं. की कळून घ्यायचं नव्हतं? दोन रात्री तिने छताकडे बघत काढल्या होत्या. निरीक्षक त्या दिशेला कधीच जाणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवा चालू होता, नोंद होती, संपलं. ती गप्प बसली तर जगात कुणालाही काही कळणार नव्हतं. याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

छोटूने चहाचा कप उचलला. ताईचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं.

"छोटू, बटण कुठल्या हाताने दाबलंस?"

"म्हणजे? नेहमीच्याच."

"म्हणजे डाव्या," वहिनी वैतागून म्हणाली. "आजीचा हात घेऊन जन्माला आलाय तो, हे काय तुम्हाला माहीत नाही? आता हात कुठला यावरून तरी त्याला सुळावर चढवू नका!"

"तुझ्या आधी त्या पाळीला कोण होतं?"

"काका म्हणायचो त्यांना. उजव्या हाताचे. रिटायर झाले. मी आठच महिने झाले तिथे." छोटू तिच्याकडे बघत राहिला. "आत्या, काय झालं? तुझा चेहरा बघ."

"आठ महिन्यांत आत माणूस असताना कधी बटण दाबलंस?"

"नाही. ही पहिलीच वेळ. मी आल्यापासून आत उतरणारा निरोप देऊन जायचा, पण त्या दिवशी पाळी बदलली आणि निरोप राहिला. म्हणून तर दिवा आहे ना? निरोप राहिला तरी दिवा आहे, असं मी धरून चाललो."

ताई उठली. "दादा, माळ्यावर माझं खोकं आहे अजून?"

"कसलं?"

"पुठ्ठ्याचं. प्रबंधाच्या वेळचं."

खोकं होतं. वहिनीने चार वेळा फेकायला काढलं होतं आणि चार वेळा दादाने परत वर ठेवलं होतं, बहिणीचं शिक्षण आहे म्हणून. धाकटा स्टुलावर चढला, धुळीने शिंकत उतरला आणि त्याने ते टेबलावर ठेवलं. आत बुटांच्या खोक्याच्या झाकणावर रंगवलेलं पॅनल होतं, बटणाच्या जागी बाटलीचं झाकण, दिव्याच्या जागी भोक. आणि खाली निळ्या पुठ्ठ्याची वही.

"अरे देवा, हे!" धाकटा म्हणाला. "याच टेबलावर बसवलं होतंस आम्हाला. एकेकाकडून दहा-दहा वेळा. वहिनी, तुम्ही नव्या नवरीसारख्या बावरून बसला होतात."

"हा मांडीवर होता माझ्या," वहिनी नकळत म्हणाली. "दोन वर्षांचा. सारखा ते झाकण ओढायचा."

खरं तर विद्यापीठात माणसं मिळेनात म्हणून तिने घरच्यांना धरलं होतं. पुढे बाहेरचे तीसजण मिळाले, पण पहिले सात घरचे. आपली माणसं, हक्काची. ना वेळेची कटकट, ना परवानगीचा कागद. कुणाचं किती मनावर घ्यायचं तेही घरच्याच हिशोबाने ठरलं, आणि तिथेच तिने माती खाल्ली होती.

"तुझा मोबाइल दे," ती धाकट्याला म्हणाली. "टॉर्च लाव आणि भोकाखाली धर. मी खूण केली की लुकलुकव. छोटू, इकडे ये. केंद्रात बसतोस तसा बस. दाब आणि मनातल्या मनात तीन मोज. दिवा दिसला की हात काढ."

छोटू बसला. त्याचा डावा हात डावीकडून पुढे आला, मधलं बोट झाकणावर टेकलं, मनगट पुठ्ठ्यावर विसावलं. ताईने समोरून धाकट्याला खूण केली.

एक. दोन. तीन.

"लाव ना काका," छोटू म्हणाला.

समोर बसलेल्या सगळ्यांना त्याच्या मनगटाच्या खालच्या बाजूला तो उजेड दिसत होता. लुकलुकत होता. आतली निळी शीरसुद्धा दिसत होती.

"लावलाय, राजा," धाकटा हळूच म्हणाला.

"कुठे?" छोटूने हात न उचलता मान इकडेतिकडे केली. मग हात उचलला, आणि उजेड त्याच्या डोळ्यांत आला. "म्हणजे... तो लागला होता? गुरुवारी? माझ्या हाताखाली?"

दादा उठला. सावकाश टेबलाला वळसा घालून आला, मुलाला खुर्चीवरून उठवून स्वतः बसला. आधी उजव्या हाताने दाबलं. "दिसतोय," तो म्हणाला. मग डाव्या हाताने. बराच वेळ दाबून बसला, आणि उठताना त्याने मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथून काढलाच नाही. "नजर रस्त्यावरच होती याची," तो म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. छोटूचा बांध फुटला. तीन दिवसांत तो पहिल्यांदाच रडला, आणि वहिनी त्याच्याही आधी.

पण वहिनीचं रडं लगेच आटलं. पदराने डोळे पुसता पुसता तिची नजर त्या झाकणावरून ताईवर आली.

"म्हणजे ते पॅनल तुमचं आहे."

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पॅनल माझं आहे हे शुक्रवारी. हे हाताचं..." ताईने वही उघडली. पान शोधावं लागलं नाही. व्यक्ती क्रमांक सात, स्त्री, वय चोपन्न. दहापैकी नऊ वेळा दिवा दिसला नाही. सगळ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ, आणि खाली तिच्याच टपोऱ्या अक्षरात शेरा: चष्मा, यंत्राची सवय नाही, धरू नये. "हे बहुतेक मला चोवीस वर्षं माहीत होतं."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," आई म्हणाली. "हात आडवा येतोय गं, म्हटलं. तू म्हणालीस, आई, तू थांब, तुझं धरत नाही."

"घाई होती मला, आई. तुझे आकडे धरले तर सगळा निष्कर्ष लंगडा पडत होता. मला वाटलं, तू काय कुठे ऑपरेटर होणार आहेस."

"मी नाही झाले," आई म्हणाली. "नातू झाला."

ताईला ओरडा हवा होता, वहिनीने चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं. आईच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. चाळीस वर्षं ही बाई उजव्या हाताच्या कात्र्यांशी झगडली, शेवटी धार उलटी लावून घेतली, आणि पोटच्या मुलीने तिच्या हाताला चष्मा म्हटलं!

"शुक्रवारपासून!" वहिनी आता उभी होती. "तीन दिवस माझं पोर अन्नाला शिवलं नाही, याचे बाबा त्याला खोटारडा म्हणाले, आणि तुम्ही घरी बसून..."

"वहिनी, बसा," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस! मघाशी माझ्या बाजूने होतास ना?"

"आताही आहे. पण तिने खोकं स्वतःहून काढलं. न काढती तर आपल्याला काय डोंबल कळणार होतं?" मग तो ताईकडे वळला, आणि त्याचा आवाज बदलला. "पण एक सांग, हे तू बाहेर बोललीस तर तुझं काय? ते पद वगैरे?"

"गेलं."

"आणि न बोलता काही करता येईल? दुसऱ्या कुणाच्या तोंडून... म्हणजे निनावी पत्र वगैरे..."

"अरे, वहिनी म्हणत होत्या एक फोन कर," ताई म्हणाली. "तोच करते."

तिने फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावून. दोनदा चुकीचं नाव दाबलं गेलं. निरीक्षक जेवायला बसला असावा. मागे ताटवाट्यांचा आवाज होता.

"मॅडम, भाच्यासाठी फोन करत असाल तर माफ करा, आपण बोलू शकत नाही. नियम तुम्हीच घालून दिलेत."

"भाच्यासाठी नाही. एकेचाळीस केंद्रांसाठी. ते पॅनल मी बेतलंय. डाव्या हाताने दाबलं तर दिवा मनगटाखाली जातो. दोन वाजता पाळी बदलते; त्याआधी सगळीकडे निरोप गेला पाहिजे, आत माणूस उतरवू नका. डावखुरे ऑपरेटर किती असतील?"

पलीकडे ताटवाट्या थांबल्या. "कुणास ठाऊक. तशी नोंदच नसते, मॅडम."

"मग सगळेच धरा."

"निरोप पाठवतो. पण हे... हे तुम्ही लेखी द्याल? तुमच्या नावाने?"

समोर वहिनी उभी होती. आत्ता कुठे तिच्या ध्यानात आलं असावं की आपण नणंदेकडे काय मागत होतो आणि ती काय देऊन बसली आहे.

"देते," ताई म्हणाली. "वहीच्या पानासकट. उद्या दहाच्या आत. आणि माझी साक्षही घ्या. माझी चौकशी दुसऱ्या कुणाला तरी करू द्या."

फोन बंद झाला. छोटूचा मोबाइल एकदा वाजला. सगळे दचकले; पण ती कसलीशी जाहिरात होती, हॉस्पिटलचा निरोप नव्हता. त्याने तो पालथा ठेवला. फिटरची नळी निघाली की नाही, ते अजूनही कुणालाच माहीत नव्हतं. या सगळ्या खऱ्याखोट्याने त्याचं मोडलेलं हाड काही सांधलं जाणार नव्हतं, हे ताईला कळत होतं.

वहिनी स्वयंपाकघरात गेली. भांड्यांची आदळआपट झाली, आणि थोड्या वेळाने ती ताईसाठी दुसरा, गरम चहा घेऊन आली. कप जरा जोरातच ठेवला. बशीत थोडा सांडला.

"माफ केलं असं नाही," ती म्हणाली.

"नका करू."

आई खिडकीजवळून उठली, टेबलाशी आली आणि दादाच्या जागी बसली. पुठ्ठ्याचं पॅनल तिने स्वतःकडे ओढलं, वरची धूळ पदराने पुसली.

"ती वही घे," ती ताईला म्हणाली. "कोरं पान काढ. हे लाल रेघेचं देशील, पण लोक म्हणतील जुनं आहे. नवीन लिही. दहाच्या दहा."

"आई, आता गरज नाही गं..."

"मला आहे. या वेळी धरशील ना माझं?"

ताईने मान हलवली. तिला नीट दिसत नव्हतं. तिने पेन शोधलं, पान उलटलं, आणि वर लिहिलं: व्यक्ती क्रमांक सात. जरा थांबून पुढे लिहिलं: आई, वय अठ्ठ्याहत्तर, डावखुरी. धाकट्याने न सांगताच मोबाइल भोकाखाली धरला. आईचा सुरकुतलेला डावा हात पुढे आला, बोट झाकणावर टेकलं. मनगटाखाली उजेड लुकलुकला.

"दिसला?"

"नाही."

ताईने लिहिलं.

"दिसला?"

"नाही."

ताईने लिहिलं.